रायडिंग मोअर: सेल मारला की अर्धा फेरा आणि खट्

कृष्णाकाठची (शनिवार, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात काढायचा की वाहनांमध्ये, ते ठरेना. आमच्या गवत कापायच्या यंत्राला, म्हणजे मोअरला, चार चाकं आणि स्टिअरिंग आहे म्हणून इथे काढतेय.

मी ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला राहते. सव्वा एकर जागा आहे. घर, ड्राइव्हवे आणि माझे भाजीचे चार वाफे सोडले तर उरलेलं सगळं गवत. एवढ्या जमिनीत गवत वाढवायचं, ते कापायचं आणि तिथंच टाकून द्यायचं, हे वाईकडच्या माणसाला एकवीस वर्षांतही पचलेलं नाही. एक म्हैस असती तरी सत्कारणी लागलं असतं. पण आमच्या इथे गवत आठ इंचांच्या वर गेलं की घरी पत्र येतं, आणि एप्रिल उजाडला की ते दर पाच-सहा दिवसांनी कापावंच लागतं.

इतकी वर्षं हे काम ह्यांचं होतं. जानेवारीत ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे यंदा स्टिअरिंग माझ्याकडे आणि सूचना खिडकीतून.

मोअर ११ वर्षांचा आहे. बसून चालवायचा, इंजिन पुढे, एक सिलिंडर, साडेसतरा हॉर्सपॉवर, ४२ इंची डेक (खालचा पात्यांचा भाग). मीटरवर ४१२ तास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; लिहिलं की लगेच "ती कशाला घेतलीत, ही घ्यायची" सुरू होतं.

रोग असा: ब्रेकचं पेडल दाबून किल्ली फिरवली की इंजिन घुर्र करून अर्धा फेरा फिरतं आणि खट्दिशी थांबतं, भिंतीला धडकल्यासारखं. किल्ली सोडून परत फिरवली की नुसतं टक. तिसऱ्यांदाही टक. मग पाच मिनिटं थांबलं की पुन्हा एकदा घुर्र-खट्.

आतापर्यंत केलेले उपाय: बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. उपयोग शून्य. मग ६० डॉलर घालून नवीन बॅटरी आणली. खट् जरा जोरात येऊ लागलं, एवढाच फरक. टर्मिनलवरचा पांढरा भुगा गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतला, पॉलिश पेपर मारला. प्लग बदलला. टाकीतलं पेट्रोल ऑक्टोबरचंच आहे, हे कबूल करते.

ह्यांचं म्हणणं स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) गेला. शेजारच्या आजोबांचं म्हणणं सोलेनॉइड (किल्ली फिरवली की स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) गेला. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाचं म्हणणं, घेऊन या, तीन आठवड्यांनी बघू. तीन आठवड्यांत माझ्या अंगणात ससे नाही, हरणं लपतील.

अजून एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही. इंजिनाच्या वर जी गोल फिरती जाळी आहे, ती हाताने थोडी उलटी फिरवून मग किल्ली मारली तर दहातून एकदा चालू होतो. मागच्या जुलैतही दोन-तीनदा असंच करून चालू केला होता, असं हे आता सांगतायत. आता!

---

सोनचाफा (शनिवार, १०:१५)

आम्ही न्यू जर्सीत तीन वर्षांपूर्वीच मोअर विकून टाकला आणि माणूस लावला. दर गुरुवारी येतो, वीस मिनिटांत कापून जातो. या वयात कशाला ग्रीसमध्ये हात घालायचे?

---

कृष्णाकाठची (शनिवार, १०:३२)

सोनचाफा, तुमची जागा पाव एकर असेल. इथे एकरभराचे एका वेळचे ७० डॉलर सांगितले. एप्रिल ते ऑक्टोबर धरून हिशेब करा. आणि वयाचं म्हणाल तर ते मी लिहिलेलंच नाही.

---

व्होल्टमीटर (शनिवार, ११:०५)

बदलाबदली थांबवा आणि आधी मोजा. मल्टीमीटर १५-२० डॉलरला मिळतो, कुठल्याही एका चुकीच्या पार्टपेक्षा स्वस्त.

पहिलं माप, सगळं बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली असेल तर पुढचं काही मोजू नका, चार्ज करा. दुसरं माप किल्ली धरून ठेवलेली असताना, त्याच जागी. साडेनऊच्या खाली घसरली तर नवीन असली तरी बॅटरीवर संशय घ्यायचा.

तिसरं माप लोक विसरतात. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि किल्ली. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंगची वायर जिथे चेसिसला बोल्टने जोडलीय तिथे गंज आहे. अकरा वर्षांच्या मोअरमध्ये हे फार वेळा सापडतं. तसंच माप सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांच्या मध्ये: किल्ली धरल्यावर तिथेही जवळजवळ शून्य हवं. जास्त आलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत आणि शेजारचे आजोबा जिंकले.

हे सगळं गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, पात्यांचा स्विच बंद असताना. सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून चालू करायचे व्हिडिओ दिसतील. ते करू नका. तसं केलं की सीट, ब्रेक, पाती या सगळ्यांचे सुरक्षा स्विच बाजूला पडतात आणि मोअर गिअरमध्ये असेल तर तुमच्याच पायावरून निघतो.

---

द्राक्षवाला (शनिवार, ११:५०)

ताई, ऑक्टोबरचं पेट्रोल टाकीत आहे हे वाचूनच कपाळाला हात लावला. आमच्याकडे निफाडला बागेत फवारणीचे पंप आणि ब्रशकटर दोन महिने पडून राहिले तरी कार्बोरेटर चिकट होतो. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्याकडे १० टक्के असतं, आमच्याकडे तर आता २० टक्के. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरची खालची वाटी उघडून जेट साफ करा, पिन मारू नका, तांब्याची बारीक तार घ्या. नव्वद टक्के तोच प्रॉब्लेम असणार.

---

कृष्णाकाठची (शनिवार, दुपारी ३:२०)

मल्टीमीटर आणला. लेकीने फोनवरून शिकवला, ती केमिस्ट्रीची आहे पण म्हणाली जमेल.

सगळं बंद असताना १२.७. किल्ली धरल्यावर, खट् झाल्यानंतर, ९.९. निगेटिव्ह खांब ते इंजिन ०.१. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्येही ०.१. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा हे काठी टेकत गॅरेजमध्ये आले आणि म्हणाले, "लाल वायर लालला लाव." लावली होती.

द्राक्षवाला, पेट्रोल काढते, तुमचं म्हणणं पटतंय. पण पेट्रोल खराब असेल तर इंजिन फिरेल आणि पेटणार नाही ना? हे फिरतच नाहीये.

---

व्होल्टमीटर (शनिवार, ३:४५)

आकडे स्वच्छ आहेत. बॅटरी चांगली, अर्थिंग चांगलं, सोलेनॉइड चांगला. करंट स्टार्टरपर्यंत पोचतोय आणि स्टार्टर फिरवू शकत नाही. म्हणजे स्टार्टर. दोन बोल्ट आणि एक वायर, अर्ध्या तासाचं काम. कंपनीबाहेरचा ७०-८० डॉलरला येतो. मागवून टाका.

---

दहाअकरा (शनिवार, ४:१०)

थांबा थांबा. मागवू नका ताई.

मी कोल्हापूरचा. इकडे आता पहाट व्हायची हाय, झोप लागंना म्हणून वाचत बसलो. तुमचा हा बसायचा मोअर मी फक्त व्हिडिओत बघितलाय, खरं सांगतो. पण तीस वर्षं विहिरीवरची इंजिनं, पॉवर टिलर, आता हे पेट्रोलचे वीडर खोलतोय. इंजिन कुठंबी गेलं तरी चारच गोष्टी करतंय: ओढतंय, दाबतंय, पेटतंय, सोडतंय. तुमचं दाबताना अडतंय.

तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा, सगळ्यात शेवटी, कामाचं नाही म्हणून. जाळी उलटी फिरवून किल्ली मारली की कधी कधी चालू होतंय. स्टार्टर मेलेला असता तर जाळी कुठंबी ठेवा, त्याला काय फरक? उलटी फिरवल्यावर त्याला पळत यायला जागा मिळती, त्या वेगात तो दाबाचा टप्पा ओलांडतोय. जागा नसली की टप्प्यावरच बसतोय. अर्धा फेरा आणि खट् म्हणजे नेमकं तेच.

आणि त्या सीटच्या, ब्रेकच्या स्विचांनी अडवलं असतं तर घुर्रसुद्धा झालं नसतं. अर्धा फेरा फिरलं, म्हणजे सगळे पास.

आता हा दाब एवढा का लागतोय? पूर्वी विहिरीवर हँडल मारायचं डिझेल इंजिन असायचं, आठवतंय का? पाच हॉर्सपॉवरचं, दोन बाजूला दोन मोठी चाकं. त्याच्या डोक्यावर एक खटका असायचा. खटका उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहायचा, दाब व्हायचाच नाही. मग हँडल गरागरा फिरवायचं, चाकांनी वेग घेतला की खटका पाडायचा, धप् धप् धप् सुरू. खटका न उचलता हँडल मारायचा प्रयत्न करून बघा, पैलवान असला तरी अर्ध्या फेऱ्यात थांबतोय. कधी कधी हँडल उलटं फिरून मनगट घेऊन जातंय.

तुमच्या मोअरलाबी तोच खटका हाय. फक्त आत हाय, कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आणि आपोआप चालतोय. एक बारकं वजन असतंय स्प्रिंगवर. इंजिन हळू फिरत असलं की ते एक बारीक उंचवटा पुढं काढतंय, त्यानं दाबाच्या वेळी एक व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतोय. इंजिन पेटलं, वेग आला, की वजन बाहेर फेकलं जातंय आणि उंचवटा आत जातोय. मग पूर्ण दाब. साडेसतरा हॉर्सपॉवरला एवढा छोटा स्टार्टर पुरतो तो ह्याच्या जिवावर.

आता उंचवटा केवढा? एवढुसा. आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, वाढला असला तर ती एवढुशी उचल गॅपमध्येच खपून जाती, व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. ४१२ तासांत टॅपेट कधी सेट केलंय? मला उत्तर माहीत हाय.

पण आधी एक खात्री करा. प्लग काढा. प्लगची वायर लांब बांधून ठेवा, भोकाजवळ ठिणगी पडायला नको, कारण आतून पेट्रोल उडू शकतंय. तोंड बाजूला ठेवून किल्ली मारा. भोकातून पेट्रोलची पिचकारी आली तर दुखणं वेगळं: कार्बोरेटरची सुई गळतीय, सिलिंडरात पेट्रोल भरलंय, पातळ पदार्थ दबत नाही म्हणून अडतंय. तसं असेल तर ऑइलची काडी काढून वास घ्या, ऑइल वाढलेलं असलं आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय चालू करायचं न्हाई. पिचकारी नाही आणि इंजिन भिंगरीसारखं फिरलं, तर स्टार्टरला दोष देऊ नका. काहीच फिरलं नाही तर मग मी चूक, व्होल्टमीटर साहेब बरोबर.

अजून एक विचारतो. मागच्या वर्षी पातं दगडाला, बुंध्याला धडकून इंजिन एकदम बंद पडलं होतं का?

---

व्होल्टमीटर (शनिवार, ४:२५)

शेवटचा प्रश्न फ्लायव्हीलच्या चावीसाठी ना? म्हणजे इंजिनाचं जड चाक दांड्यावर जागेवर धरणारा धातूचा तुकडा. पातं धडकून ती चावी कापली गेली की ठिणगीची वेळ हलते आणि इंजिन उलटा झटका देतं. तो मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. दाबाचाही नाही. ताई, स्टार्टर मागवला असेल तर ऑर्डर रद्द करा.

---

कृष्णाकाठची (शनिवार, संध्याकाळी ६:५०)

प्लग काढला. वायर बांधली ह्यांच्या जुन्या बुटाच्या नाडीने. किल्ली मारली आणि दहाअकरा दादा, भिंगरी! भर्रकन फिरलं. पेट्रोल नाही, पिचकारी नाही, ऑइल जागेवर आहे आणि त्याला ऑइलचाच वास आहे. प्लग पुन्हा बसवला, किल्ली मारली: घुर्र-खट्.

दगडाबद्दल ह्यांना विचारलं. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, एकदा मेपलचं मूळ लागलं होतं, पण बंद नाही पडला, नुसता आवाज आला. खिडकीतून जेवढं कळतं तेवढं सांगितलं.

जाळीखालचं झाकण काढलंच होतं म्हणून आत बघितलं, तर चिपमंकने (खारीसारखा प्राणी) सगळा संसार मांडलाय. काळ्या अक्रोडाची टरफलं, वाळकं गवत, माझ्या हरवलेल्या बागेच्या हातमोज्याची दोन बोटं. सिलिंडर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये हे सगळं ठासून बसलं होतं. एक बादली निघाली. रोगाशी संबंध नसेल, पण असाच चालवला असता तर इंजिन तापून बसलं असतं असं वाटतं. वायर कुरतडलेली नाही, नीट बघितली.

आणि दादा, खटक्याचं वाचलं आणि एकदम भुईंजच्या अलीकडची आमची विहीर आठवली. वडील इंजिनाला हँडल मारायचे तेव्हा आम्हा भावंडांना बांधावर उभं राहायला लावायचे. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला मिठी मारायची नाही," हे ते दर वेळी म्हणायचे, कोणी हँडलजवळ गेलेलं नसलं तरी. खटका पाडायचं काम एकदा मला मिळालं होतं, आठवीत असेन. वडिलांनी "हं" म्हटलं की पाडायचा. मी "हं" च्या आधीच पाडला. हँडल थांबलं, वडिलांच्या खांद्याला हिसका बसला, आठ दिवस शेक घेत होते. रागावले नाहीत. फक्त पुढे कधी मला तो खटका दिला नाही.

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी मी जे केलं तेच हा मोअर आता करतोय. खटका वेळेआधी पाडतोय.

टॅपेट कसं सेट करायचं ते सांगा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ह्यांच्या पेटीत आहे, जन्मात वापरलेलं नाही, अजून तेलकट कागदात आहे.

---

दहाअकरा (शनिवार, रात्री ९:३०)

वडील शहाणे होते ताई. अंगठ्याची गोष्ट आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

आता ऐका. इंजिन पूर्ण गार पाहिजे, रात्रभर ठेवा. सकाळी किल्ली काढून खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, प्लग काढायचा. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, प्लगच्या वर, एक पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं झाकण दिसंल, चार बोल्टांचं. ते काढा. खाली फडकं ठेवा, थोडं ऑइल सांडतंय. आत दोन रॉकर दिसतील, लहान मुलांच्या झोपाळ्याच्या फळीसारखे. एका टोकाला पुशरॉड, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूला जातोय तो एक्झॉस्ट, कार्बोरेटरकडचा इनटेक.

मग पिस्टन वर आणायचा. प्लगच्या भोकात सरबताची प्लास्टिकची नळी सोडा आणि जाळी हातानं सुलट्या दिशेनं फिरवा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, भोक तिरपं असतंय, अडकून आत ओरखडा पडतोय. नळी वर येती, थांबती, खाली जायला लागती. पण पिस्टन दोनदा वर येतोय, एकदा दाबाला आणि एकदा धूर सोडायला. दाबाचा ओळखायचा कसा? इनटेकचा रॉकर दबून सुटला आणि त्यानंतर पिस्टन वर आला, तो दाबाचा. तिथून अजून पाव इंच नळी खाली जाईपर्यंत फिरवा आणि थांबा. बरोबर टोकावर थांबलात तर तो आतला खटका व्हॉल्व्ह उचलून धरलेला असू शकतोय आणि माप खोटं येतंय. हे पाव इंच लोक करत नाहीत आणि मग म्हणतात टॅपेट सेट केलं तरी तसंच.

आता रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्ये फीलरची पट्टी. अशा एक सिलिंडरच्या इंजिनात बहुतेक ठिकाणी इनटेकला ३ ते ५ थाऊ आणि एक्झॉस्टला ५ ते ७ थाऊ असतंय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पट्टीवर ०.००४ असं लिहिलेलं असतंय. पण माझ्या तोंडावर जाऊ नका. इंजिनाच्या पत्र्यावर मॉडेल नंबर ठोकलेला असतोय, त्याचंच पुस्तक काढून आकडा बघा.

आधी फक्त मोजा आणि इथं लिहा. मग मधला लॉकचा स्क्रू ढिला करून नट फिरवायचा, पट्टी मध्ये ठेवून. पट्टी ओढताना लोणी कापल्यासारखी येऊ नये आणि अडकूबी नये. जरा धरून यायला पाहिजे, वहीतनं कागद ओढावा तशी. लॉक केल्यावर पुन्हा मोजायचं, कारण लॉक करताना गॅप हलतोय. नवा माणूस तिथं फसतोय.

झाकणाचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातायत. जोर दाखवायचा न्हाई. गॅस्केट फाटलं असलं तर नवीन घ्या.

---

द्राक्षवाला (रविवार, सकाळी ७:१५)

दहाअकरा भाऊ, नंबर पाठवा तुमचा. माझ्या वीडरची दोरी ओढताना हात निखळतो, मी दोन वर्षं समजत होतो माझंच वय झालं.

---

दहाअकरा (रविवार, ७:४०)

नंबर इथं टाकत नाही. टॅपेट बघा आधी. वय नंतर.

---

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी १:०५)

मापं: इनटेक ९ थाऊ. एक्झॉस्ट १४! एक्झॉस्टच्या रॉकरचा लॉकचा स्क्रू बोटाने फिरत होता. माझ्या इंजिनाच्या पुस्तकातले आकडे दादांनी लिहिलेत तेच निघाले.

नळीचा प्रकार सोपा नाही. पहिल्या वेळी धूर सोडायच्या फेऱ्यावर थांबले, एक्झॉस्टचा रॉकर घट्ट लागला, तेव्हा कळलं. हे बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी जाळी फिरवायची आणि ह्यांनी नळी बघायची, अशी वाटणी झाली. दोघांनी मिळून एखादं काम करून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

इनटेक ४ ला सेट केला, एक्झॉस्ट ६ ला. लॉक केल्यावर एक्झॉस्ट ८ झाला. दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी झाकण लावून मोकळी झाले असते. तिसऱ्या प्रयत्नात ६ वर टिकला.

मग झाकण लावायच्या आधी सहज जाळी पुन्हा हळूहळू फिरवली, रॉकरकडे बघत. इनटेक दबला, सुटला. पिस्टन वर यायला लागला. आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत अशा वेळी एक्झॉस्टचा रॉकर एकदाच, अगदी इवलासा, लवला आणि परत आला. डोळा लवावा तसा. ह्यांना दाखवला. तीनदा फिरवून बघितला. तोच खटका ना?

---

दहाअकरा (रविवार, १:२०)

तोच. तो लवला म्हणजे कॅमवरचा खटका शाबूत हाय. गॅप बरोबर करूनबी लवला नसता तर तो तुटलेला असता, मग ऑइल काढून इंजिन खालून उघडावं लागलं असतं. त्याची भीती मला होती, म्हणून काल बोललो नव्हतो.

झाकण लावा. जुनं पेट्रोल काढा, द्राक्षवाले बरोबर बोलतायत, ते आता आडवं येईल. मारा किल्ली.

---

सोनचाफा (रविवार, १:३०)

मी उगाचच माणूस लावला वाटतं. चालू झाला का???

---

कृष्णाकाठची (रविवार, संध्याकाळी ५:४५)

पेट्रोल उपसून काढलं, रंग चहासारखा झाला होता. वास वार्निशचा. ते डब्यात भरून ठेवलंय, काउंटीत घातक कचरा गोळा करतात तिथे देईन. नवीन भरलं, थोडं स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून) घातलं. झाकण, प्लग, बॅटरीची वायर, सगळं जागेवर. चोक ओढला. किल्ली.

घुर्र-घुर्र-घुर्र-भड्. पहिल्या फटक्यात. जाळीला हात न लावता.

बंद करून पुन्हा. पुन्हा. पाच वेळा केलं, शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन बघायला लागले तेव्हा थांबले. त्यांना सोलेनॉइड नव्हता हे सांगितलं. ते म्हणाले, सोलेनॉइडही कधीतरी जाणारच.

सुरुवातीला थोडा निळा धूर आला, झाकण उघडताना सांडलेलं ऑइल सायलेन्सरवर जळत होतं. पाच मिनिटांत थांबला. झाकणाच्या कडेने गळती नाही, दोनदा खाली वाकून बघितलं. व्होल्टमीटर, तुमचा मल्टीमीटर वाया गेला नाही. तो नसता तर आज तीन सुटे पार्ट टेबलावर असते. जुनी बॅटरी मात्र चांगली होती हे आता कळलं. ती चार्ज करून ठेवलीय, द्यायची का कुणाला?

मग मागचं अंगण कापलं. पहिल्या फेरीला डेक सगळ्यात वर ठेवली, कारण गवत उंच होतं आणि ओलंही. पाऊण तास लागला. डँडेलियनची सगळी पिवळी फुलं गेली. मी सीटवर, हे खिडकीत. अर्ध्यात आल्यावर खिडकी उघडून काहीतरी ओरडले. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मोअर बंद करून विचारलं, काय?

म्हणाले, "काही नाही, परत चालू होतो का बघत होतो."

झाला.